न खेळता जिंकलेला संघ

फिनेलचा वास मला आजही सोसत नाही. सून फरशी पुसायला लागली की मी काठी घेऊन अंगणात जाऊन बसतो. तिला वाटतं, ओल्या फरशीवर पाय घसरेल म्हणून बाबा बाहेर गेले. मी तिला कधी खरं कारण सांगितलेलं नाही. ते तोंडी सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आमचं वसतिगृह नाल्याच्या अलीकडे होतं आणि आमचे आईबाप पलीकडे. पलीकडे महारोग्यांचा आश्रम होता. आता कुष्ठरोग म्हणतात, तेव्हा डॉक्टरांसकट सगळे महारोगच म्हणत. आम्ही पोरं निरोगी होतो, म्हणून तर दूध सुटताच आम्हाला उचलून अलीकडे आणलेलं. रविवारी सकाळी नाल्यावर भेट असायची. माय पलीकडच्या दगडावर बसायची, मी अलीकडच्या. पाणी गुडघ्याएवढं, चैत्रात तर तेवढंही नाही, पण ओलांडायचं नाही हा नियम होता आणि तो मोडावा असं कोणाच्या मनातही येत नसे. मोठ्यानं बोलावं लागे, त्यामुळे कोणाच्या घरची कुठलीच गोष्ट गुपित राहत नव्हती. कोणाच्या मामानं जमीन बळकावली, कोणाच्या बापाला गोळ्यांनी उलट्या होतात, कोणाची बहीण नांदायला गेली आणि माहेरचं नाव सांगत नाही, हे साऱ्या काठाला ऐकू जायचं. एरवी दिवसभर पलीकडून हातमागांची खटखट यायची. ती थांबली की आम्हाला कळे, जेवणाची वेळ झाली. सकाळी कण्यांची आंबील, दुपारी भात आणि लाखोळीचं वरण, बरोबर अंबाडीची भाजी; मोह फुलला की उकडलेल्या फुलांचा गोड, जरा मातकट वास असलेला घास. पोट भरत होतं. मी पुढे बी.ए. झालो, मास्तर झालो, माझी मुलं शहरात स्थिरावली, त्या सगळ्याच्या बुडाशी ते लाखोळीचं वरण आहे, हे मी विसरलेलो नाही.

बाहेर जाताना एक शिस्त आम्हाला लहानपणापासून लावलेली होती. समोरून माणूस आला की आपण बाजूला व्हायचं. वाट त्याची. बाजारात गर्दी असली तर गर्दी सरेपर्यंत झाडाखाली थांबायचं, दुकानदारानं जिन्नस खाली ठेवला की मग उचलायचा, हात आपण होऊन पुढे करायचा नाही. हे आम्हाला कोणी रागानं शिकवलं नव्हतं. आमच्या भल्यासाठीच शिकवलं होतं, कारण ज्यांनी हे पाळलं नाही त्यांना दगड बसले होते. पाळता पाळता ते अंगात इतकं मुरलं की आपण बाजूला होतो हे आम्हाला कळतही नसे.

फुटबॉल आणला मेश्राम मास्तरांनी. ते आमचे कवायतीचे मास्तर आणि वसतिगृहाचे अधीक्षकही. अंगानं किरकोळ, आवाज मात्र जंगलखात्याच्या हाकाऱ्यासारखा. त्यांनी नाल्याकाठची झुडपं आमच्याकडूनच तोडून घेतली, बांबूचे खांब रोवले आणि आमची आमच्यातच दोन टोळकी करून खेळायला लावलं. मी मागे राखणीला. पुढे लालसू, भामरागडकडचा माडिया आदिवासी पोरगा. त्याची आई आणि मावशी दोघी पलीकडे होत्या. तो मराठी कमी बोलायचा, पण बॉल त्याच्या डोक्याला असा लागायचा की जणू दोघांचं आधीच ठरलेलं आहे. त्या हिवाळ्यात मास्तरांनी आमचं नाव जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत घातलं. आता दोन झाले, पण जिल्हा तेव्हा एकच होता, चांदा. जिल्ह्यात जो जिंकेल तो नागपूरला जाणार होता. आम्ही कोणी नागपूर पाहिलेलं नव्हतं. रात्री अंथरुणावर एकदा लालसू म्हणाला, "नागपूरले आपल्याले कोनी ओरखत नाई ना?"  त्या रात्रीपासून नागपूर म्हणजे आमच्यासाठी तेच झालं: आपण कोणाची पोरं, हे कोणालाच माहीत नसलेलं गाव.

पहिला सामना आमच्या मैदानावर ठरला होता. समोरची शाळा आलीच नाही. धानाची मळणी चालू आहे, पोरं मिळत नाहीत, असा निरोप आला. दुसऱ्या शाळेत म्हणे गोवर आला होता. तिसरी शाळा मात्र आली. त्यांची सर्व्हिस मोटार, म्हणजे तेव्हाची बस, फाटकाशी थांबली, पोरं उतरली, त्यांच्या मास्तरांनी नाल्यापलीकडे उन्हात बसलेल्या बाया पाहिल्या, ते ड्रायव्हरशी काहीतरी बोलले आणि पोरं पुन्हा चढली. मोटार वळवायला जागा अपुरी, त्यामुळे ती बराच वेळ मागेपुढे करत होती आणि आम्ही मैदानावर ओळीत उभे राहून ते पाहत होतो. मोटारीतली पोरं खिडक्यांच्या आत सरकून बसली होती. एकानं नाकाला रुमाल लावला होता. आमच्या अंगाला वास येत नव्हता. आम्ही सकाळीच विहिरीवर अंघोळी केल्या होत्या.

त्या स्पर्धेत रीत अशी होती की समोरचा संघ नाही आला तरी आलेल्या संघानं मैदानात उतरायचं, शिटी वाजायची, मोकळ्या गोलात एकदा बॉल मारायचा, आणि मग पुढे चाल मिळायची. लालसू प्रत्येक वेळी तो बॉल मारायचा. पलीकडून आमच्या आया, बाप, काका टाळ्या वाजवायचे. ज्यांना बोटं नव्हती ते थाळीवर काठी हाणायचे. माय त्या वेळी मागावर असायची, तिला फक्त टाळ्या ऐकू आलेल्या. रविवारी ती दगडावरून ओरडली, "केशव, जितले म्हन्ते तुमी? किती गोल झाले रे?"

"एक," मी म्हटलं.

"एकच? मंग समोरचे पोट्टे चांगले असन."

 माझ्या शेजारच्या दगडावरचा पोरगा पाण्यात खडे टाकत राहिला.

अशा रीतीनं एकाही माणसाशी न खेळता आम्ही जिल्ह्यात पहिले आलो. नागपूर पक्कं झालं असं आम्ही धरून चाललो. मास्तरांनी पलीकडच्या मागावाल्यांकडे सदऱ्यांचं कापडही विणायला टाकलं. तेवढ्यात स्पर्धेच्या सेक्रेटरींचं बोलावणं आलं. हे सेक्रेटरी चांद्याचे वकील, सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. मास्तर मला आणि लालसूला बरोबर घेऊन गेले. वकीलसाहेब ओसरीवर आरामखुर्चीत होते, मांडीवर नागपूरचं वर्तमानपत्र.

"या मास्तर, बसा. पोरं तिथीच राहू द्या, सावली आहे तिथी," ते म्हणाले. सावली नव्हती. आम्ही अंगणात उभे राहिलो. मास्तरही मग बसले नाहीत.

"मास्तर, अडचन अशी आहे, का तुमची पोरं एकही सामना खेळली नाईत. नागपूरवाले मले विचारतील, काय पाहून पाठवले? मी विचारात होतो, तर हे पाहा, पेपरातच उत्तर सापडलं." त्यांनी बोटानं मजकूर दाखवला आणि आम्हा तिघांना वर्गात शिकवावं तसं शिकवलं. जगाची फुटबॉलची स्पर्धा यंदा स्वीडनला आहे. देश पुष्कळ, जागा मोजक्या, म्हणून गट पाडतात आणि गटात पहिला येईल तो जातो. तर एका गटात इस्रायलशी खेळायला कोणी तयारच होईना. एकेक देश बाजूला सरकला आणि इस्रायल न खेळता पहिला आला. "पन त्यायचा नियम आहे. यजमान आणि मागच्या वेळचा विजेता सोडला, तर एक तरी सामना खेळल्याशिवाय कोनालेच येऊ द्यायचं नाई. मग काय केलं? दुसऱ्या गटांत जे मागं राहिले, त्यायच्या चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी निघाली तो देश नको म्हनाला. मग वेल्सची निघाली. आता त्या दोघांचे दोन सामने, एक याच्या घरी, एक त्याच्या घरी. त्याच्यात जितन तो स्वीडनले जाईन. समजलं? आपन तसंच करू. आंतरराष्ट्रीय नियम आहे, मास्तर. कोनी नाव ठेवनार नाई."

मेश्राम मास्तर म्हणाले, "ठीक आहे साहेब. आम्ही खेळायलाच बसलो आहोत. मग दोन सामने, एक आमच्याकडे?"

"तुमच्याकडे कोन येईन, मास्तर? एकच पुरे आपल्याले. इथीच, कोटाजवळच्या मैदानात."

म्हणजे नियम आंतरराष्ट्रीय, पण अर्धा. ते हे इतक्या गोडीनं बोलले, चहाचा कप बशीत ठेवता ठेवता, की मला वकीलसाहेबांच्या त्या स्वच्छ, तेल लावून चोपून बसवलेल्या केसांचीच शिसारी आली. आमच्याशी जे खेळायला आले नाहीत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. जे रोज सकाळी उठून वाट पाहत उभे राहिले, त्यांनाच आता सिद्ध करायचं होतं. पुढे नागपूरच्या कॉलेजात वाचनालयात बसून मी जुनी वर्तमानपत्रं काढून पाहिली. वेल्सनं दोन्ही सामने जिंकले होते. त्या देशांचं भांडण राजकारणाचं होतं, त्यात मी शिरत नाही. पण हरलेल्याला दुसरी संधी आणि न हरलेल्याला परीक्षा, हा हिशेब मला त्या वयातही समजला नव्हता आणि आजही समजत नाही.

वकीलसाहेबांनी हरलेल्या शाळांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून एक काढली. पहिल्या शाळेनं, आम्ही हरलेलेच बरे, असं कळवलं. दुसरी चिठ्ठी नागभीडच्या रेल्वे चाळीतल्या पोरांच्या शाळेची निघाली आणि ती तयार झाली. त्यांचा कप्तान पोचन्ना नावाचा पोरगा होता, बाप सिरोंच्याकडून गँगमन म्हणून आलेला. उंच, काळाकभिन्न, मांड्या सागाच्या ओंडक्यासारख्या.

सामन्याच्या दिवशी मैदानावर जत्रा होती. लोक खेळ पाहायला नव्हे, आम्हाला पाहायला आले होते. आम्ही पूर्ण बाह्यांचे सदरे आणि पायघोळ पायजमे घालावेत अशी अट होती, तीही पाळली होती. रेषेवर एक चपराशी बादली घेऊन उभा. बादलीत फिनेल. बॉल बाहेर गेला की तो बादलीत बुडवायचा, मग फडक्यानं पुसायचा, मग आत फेकायचा. थोड्याच वेळात कातडं पाणी पिऊन दगडासारखं झालं आणि साऱ्या मैदानावर तो वास पसरला. वकीलसाहेब खुर्चीत बसून लोकांना सांगत होते, "दोन्ही बाजूंची काळजी घेतली आहे."

त्या पहिल्या अर्ध्या खेळाला फुटबॉल म्हणता येणार नाही. आम्ही बॉल घेऊन गेलो की नागभीडची पोरं चार हात लांब उभी राहायची. ते बॉल घेऊन आले की आम्ही बाजूला व्हायचो. बॉल कधी कधी एकटाच मध्ये पडून राहायचा आणि दोन्हीकडची पोरं त्याच्याकडे पाहत उभी. लोक हसून लोळत होते. "अरे, घ्या ना कोनीतरी, लगीन लावून राह्यले का त्याचं?" असं एकजण ओरडला. मग पोचन्नाला आमची खोड उमगली. तो सरळ माझ्या अंगावर धावत आला, मी सरकलो, आणि त्यानं गोल केला. पुन्हा आला, पुन्हा मी सरकलो, पुन्हा गोल. मी सरकलो हे मला पहिल्यांदा मेश्राम मास्तरांच्या तोंडून कळलं.

मध्यंतरात ते आमच्यापुढे उकिडवे बसले. आमचं पाणी आम्ही वेगळ्या मडक्यातून आणलं होतं, तेच पीत होतो. "केशव, बाजूले काऊन सरून राह्यला तू?"

"मी नाई सरलो, मास्तर."

"सरला. सारेच सरून राह्यले. मीच तुमाले शिकवलं ते." त्यांनी तळहातानं तोंड पुसलं. "आता आयका. रस्त्यावर सरायचं. बाजारात सरायचं. इथी नाई. इथी जो येईन त्याले भिडायचं. त्याले भेव वाटन तर वाटू दे, ते त्याचं."

दुसऱ्या भागात पोचन्ना पुन्हा आला. सगळं अंग मला बाजूला ओढत होतं, खरोखर ओढत होतं, जसं झोपेत खाली पडताना अंग आपोआप आखडतं. मी डोळे मिटले आणि उभा राहिलो. धडक अशी बसली की दोघेही मातीत. लोकांचा आवाज एकदम थांबला. पोचन्ना माझ्यावर आडवा पडलेला, त्याचा घाम माझ्या तोंडावर. बाहेरच्या कोणा माणसाचं अंग माझ्या अंगाला तेव्हा पहिल्यांदा लागलं. तो उठला, गुडघा चोळला आणि म्हणाला, "काय बे, टांग तोडतं काय माही?" आणि मला दंडाला धरून ओढून उभं केलं.

त्यापुढे आम्ही खेळलो. भिडलो, पडलो, शिव्या खाल्ल्या आणि दिल्या. लालसूनं तो जड, ओला बॉल डोक्यानं गोलात घातला. फिनेल डोळ्यांत गेल्यामुळे त्याला काही दिसेना. तो दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून विचारत होता, "गेला का? गेला का?" आम्ही त्याला मिठी मारून सांगितलं. पण आमचा तो एकच गोल. त्यांचे दोन होते. शिटी वाजली, आणि नागपूर संपलं.

वकीलसाहेब उठून टाळ्या वाजवत होते. "उत्तम झालं. नियमानं झालं. हरले पन नियमानं हरले, मास्तर." मग नागभीडच्या पोरांना विहिरीवर नेलं. तिथे गरम पाण्याचे हंडे आणि कार्बोलिक साबण आधीच मांडून ठेवलेले होते. कोणी बळजबरी केली नाही. पोरं आपण होऊन रांगेत उभी राहिली. पोचन्ना सर्वांच्या पुढे होता आणि ज्या हातानं त्यानं मला उठवलं, तो हात कोपरापर्यंत, लाल होईस्तोवर घासत होता. मला चपराशाचा राग आला नव्हता, बघ्यांचा आला नव्हता. ते पाहून मात्र मी कोटाच्या भिंतीशी जाऊन ओकलो. सकाळची आंबील तेवढी होती पोटात. मास्तर पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या हाताबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

रविवारी मायनं नाल्यापलीकडून विचारलं तेव्हा मी सांगितलं, हरलो. दोन विरुद्ध एक. आधीचे सामने झालेच नव्हते, हे एव्हाना तिलाही कळलं होतं. "म्हंजे खेळले तर," ती म्हणाली.

पुढची गोष्ट वकीलसाहेबांच्या हौसेमुळे घडली. जिल्ह्यात आपण आंतरराष्ट्रीय नियम कसा लावला, ही बातमी त्यांनी नागपूरच्या पेपरला स्वतः लिहून पाठवली. कोणत्या शाळेशी सामना लावला, तेही खुलासेवार. ती छापून आली. नागभीडचा संघ नागपूरच्या मैदानावर उतरला तेव्हा ती बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. समोरची शाळा आली नाही. दुसऱ्या दिवशीची दुसरी शाळाही आली नाही. त्यांची उतरायची सोय एका धर्मशाळेत होती, तिथल्या माणसानं पोरांच्या वळकट्या बाहेर ठेवल्या. हे आम्हाला मास्तरांनी सांगितलं, आणि वरून म्हणाले, "आता याह्यच्यासाठी चिठ्ठ्या कोन काढन?" आम्ही हसलो. मनसोक्त हसलो.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दगडांवर बसलेलो असताना फाटकातून नागभीडची पोरं आत आली. बरोबर मास्तर कोणी नव्हता. लालसू उठून उभा राहिला. मला वाटलं, खेळायला आले. खरंच वाटलं, आणि मी बॉल कुठे ठेवला ते आठवायला लागलो. पोचन्ना माझ्यासमोर येऊन थांबला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"तुह्या डॉक्टरले सांग," तो म्हणाला, "आमाले तपासून घ्यायचं हाये. रोग नाई असा कागद पाह्यजे. घरी माही माय मले ताट येगळं देऊन राह्यली."

डॉक्टर आले. पलीकडचे सगळे काठावर गोळा होऊन पाहत होते. डॉक्टरांनी पोरांना सदरे काढून कडुनिंबाखाली उभं केलं. आमची तपासणी दर महिन्याला व्हायची, त्यामुळे आम्हाला ठाऊक होतं: डोळे मिटायचे, डॉक्टर कोंबडीचं पीस अंगावर कुठेतरी टेकवतात, जिथे लागलं तिथे बोट ठेवायचं. जिथे कळत नाही तिथे रोग. डॉक्टरांनी त्यांना हे समजावून सांगितलं. पोचन्ना पहिला उभा राहिला. त्यानं डोळे घट्ट मिटले, इतके की कपाळावर आठ्या पडल्या.  मला आनंद व्हायला हवा होता. मी तो मनात शोधला, तिथे फक्त शिसारी होती. वकीलसाहेबांची, नागपूरची, त्या पेपरची, त्याच्या मायच्या वेगळ्या ताटाची.

डॉक्टरांनी पीस हातात घेतलं आणि ते अजून हवेतच होतं, तोच पोचन्नानं छातीवर बोट ठेवलं. "इथी लागलं साहेब."

"अजून टेकवलं नाही रे," डॉक्टर म्हणाले.

पोचन्नानं डोळे उघडले नाहीत. बोट छातीवरून पोटाकडे नेलं, मग दंडाकडे. "लागलं," तो म्हणत राहिला, "लागलं साहेब, इथी बी लागलं."